आठ फुटांवरचा पूरिया धनाश्री

ठाण्याहून एका वाचकाचं पत्र आलंय. चार पानी आहे, त्यातला गाभा असा:

"मी ६१ वर्षांचा, निवृत्त बँक अधिकारी. दोन वर्षांपूर्वी निवृत्तीच्या पैशातून गाणं ऐकण्यासाठी चांगला संच घेतला. ॲम्प्लिफायर, स्पीकरची जोडी, डॅक (डिजिटल फाइलचं आवाजाच्या विद्युत लहरींत रूपांतर करणारा डबा) मिळून १ लाख ८५ हजार. (सौ. हा आकडा अजून विसरलेली नाही.) रोज दोन तास ऐकायचो, तृप्त होतो. गेल्या महिन्यात सांगलीला साडूंच्या साठीशांतीला संध्याकाळी घरीच गाणं ठेवलं होतं. मिरजेची एक तरुण मुलगी गायला आली होती. माइक नव्हता. मी तिच्यापासून आठेक फुटांवर सतरंजीवर बसलो होतो. तिने पूरिया धनाश्री मांडला. मंद्र निषादावर, म्हणजे खालच्या सप्तकातल्या 'नी'वर, थांबली आणि षड्जावर, 'सा'वर, यायला तिने इतका वेळ लावला की मी श्वास धरून बसलो. घरी आल्यावर त्याच रागाचं, एका फार मोठ्या गायिकेचं, मी शंभर वेळा ऐकलेलं ध्वनिमुद्रण लावलं. मेल्यासारखं वाटलं. तीन आठवडे झाले, संचावर कापड टाकून ठेवलंय. दुकानदार म्हणतो केबल बदला, चाळीस हजारांत जमीन-अस्मानाचा फरक पडेल. मुलगा म्हणतो विकून टाका, हेडफोन घ्या. आणि माझी ८४ वर्षांची आई उशाशी मोबाइल ठेवून त्याच्या चिमुकल्या स्पीकरवर अभंग ऐकते आणि डोळे पुसते. तिला त्या डबड्यातून काय ऐकू येतं? माझ्या संचात काय कमी आहे?"

स. न. वि. वि.

दुकानदाराचा विषय आधी संपवू, तो सोपा आहे. ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत तुमची वायर फार तर तीन मीटर असेल. घरात इलेक्ट्रिशियन घालतो ती अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घेतली, तर जाऊन-येऊन सहा मीटरचा विरोध भरतो साधारण ०.०४ ओहम. स्पीकर ८ ओहमचे. म्हणजे वायरीत वाया जाण्याचा हिशेब अर्ध्या टक्क्याचा. तो पाव टक्क्यावर आणायला चाळीस हजार मोजायचे आणि सांगलीची बैठक ठाण्यात अवतरेल म्हणून वाट बघायची, हा व्यवहार तुम्ही बँकेत असताना कुणा कर्जदाराला करू दिला नसता. मात्र एकदा वाकून मागची जोडणी बघा. लाल लालला, काळी काळीला आहे ना? एकाच स्पीकरची अदलाबदल झाली असली तर डग्गा पोकळ वाजतो आणि गायिका खोलीत नेमकी बसलीय कुठे तेच कळत नाही. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की विचारायला लाज वाटत नाही.

मुलाचं म्हणणं वाईट नाही, पण तुमच्या दुखण्यावर ते औषध नाही. हेडफोनमध्ये बारीकसारीक सगळं ऐकू येतं, फक्त गायिका समोर बसायची सोडून तुमच्या कवटीच्या आत येऊन बसते. आठ फुटांवर कुणीतरी असण्याची ज्याला चटक लागली, त्याला ते कसं पुरणार?

आता सांगलीत काय झालं ते बघू. मी बावीस वर्षं ध्वनिमुद्रणाचं काम केलं. मैफलींना माइक लावले, स्टुडिओत काचेमागे बसले. त्या काळात घरी एकदा हौसेने एक प्रयोग केला होता. माझी एक मैत्रीण ख्याल गाते. तिला दिवाणखान्यात बसवलं, सोबतीला तबला आणि एक तंबोरा. ऐकायला आम्ही सहाजण. मी जिथे बसले होते तिथेच, माझ्या डोक्याच्या दोन बाजूंना दोन चांगले माइक उभे केले. म्हटलं, जे माझे कान ऐकतायत तेच माइक ऐकू देत. चाळीस मिनिटं मारवा राग झाला. सुंदर झाला. मग तिथेच, तिला समोर बसवून, त्याच खोलीत आम्ही ते मुद्रण लावलं.

पहिला धक्का म्हणजे कुकर. तीन शिट्ट्या, एकापाठोपाठ, ऐन विलंबितात. गाणं चालू असताना सहापैकी एकालाही त्या ऐकू आल्या नव्हत्या. कुकर आमच्याच स्वयंपाकघरातला होता आणि डाळ खाली लागली होती. मग पंख्याची टकटक. मग खालून गेलेला टेम्पो. आणि सगळ्यांवर कळस म्हणजे खोलीचा घुमारा. गाताना आवाज कसा स्वच्छ, जवळचा वाटला होता, आणि मुद्रणात ती जणू विहिरीत बसून गात होती. मैत्रीण म्हणाली, "एवढं सगळं होतं इथे?"

होतं. कानांनी ते बाजूला सारलं होतं. समोर माणूस गात असतो तेव्हा तुमचे दोन कान आणि त्यांच्या मागचा मेंदू मिळून एक जागा पक्की करतात: आवाज इथून येतोय. भिंतीवर आपटून काही सहस्रांश सेकंद उशिरा येणारा तोच आवाज मग मेंदू मूळ आवाजातच जमा करून टाकतो, त्याची वेगळी दखल घेत नाही. तुम्ही मान जराशी हलवता, कानांवर पडणारं बदलतं, जागा अजून पक्की होते. डोळे मदतीला असतात. तानेआधी तिने घेतलेला श्वास तुम्हाला दिसतो, हात वर जायला लागतो, आणि स्वर यायच्या आधीच कान तयार असतो. माइकला यातलं काही नसतं. कुकर, पंखा, भिंत, षड्ज, सगळं तो एका मापाने उचलतो. पुढे ते दोन स्पीकरमधून समोरूनच बाहेर पडलं की कोणतं कुठून आलं हे मेंदूला निवडता येत नाही.

म्हणून तर स्टुडिओत आम्ही माइक गायकाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर लावतो. खोली नको, पंखा नको, नुसता आवाज. ते मुद्रण घरी ऐकताना तुम्ही खरं म्हणजे गायिकेच्या हनुवटीपाशी कान नेऊन ऐकत असता. तिथे बसून आजवर कुणी गाणं ऐकलेलं नाही. मग त्या कोरड्या आवाजावर आम्ही थोडा कृत्रिम घुमारा घालतो, तबला एका बाजूला ठेवतो, तंबोरा मागे पसरतो. वर आणखी एक गोष्ट करतो, आणि ती कबूल करताना मला थोडं अवघडतं. गायिका मंद्रात कुजबुजावं तसं गाते आणि तार षड्जाला पूर्ण आवाज सोडते. या दोहोंत जे अंतर असतं ते आम्ही दाबतो. लहान आवाज उचलायचा, मोठा खाली आणायचा. नाही दाबलं तर रिक्षात आणि स्वयंपाकघरात ऐकणाऱ्याला निम्मं गाणं ऐकूच येत नाही, आणि तक्रार येते. सांगलीत तुमच्या अंगावर आलं ते बरंचसं हे अंतर होतं. निषाद जेमतेम ऐकू येईल एवढा, म्हणून तुम्ही श्वास धरला. घरच्या मुद्रणात निषाद आणि षड्ज जवळजवळ सारख्याच मापाचे आहेत, श्वास धरायची गरजच काय?

तंबोऱ्याचंही सांगते, कारण मिरजेची मुलगी म्हणजे तंबोरे नक्कीच नामी असणार. पुढच्या वेळी गाणं सुरू व्हायच्या आधी, ती तंबोरे लावत असताना, हळूच जवळ जाऊन बसा. चार तारा, आणि घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) व तार यांच्यामध्ये सरकवलेला तो सुताचा दोरा, ज्याला जीव म्हणतात. जीव केसभर मागे-पुढे झाला की जवारी, म्हणजे तारेचा तो झणझणता नाद, बोलायला लागते, आणि एकाच तारेतून वरचे स्वर एकामागून एक उमलत जातात. हा आवाज निघतो कुठून? तारेतून म्हणावं तर तार बिचारी बारीक. तो निघतो अख्ख्या तबलीतून (भोपळ्यावरची लाकडी पाटी), भोपळ्यातून, दांडीतून, आणि जातो चहूकडे. छताला, जमिनीला, तुमच्या पाठीमागच्या भिंतीला. खोलीच वाजायला लागते. तुमच्या स्पीकरला मात्र पाच-सहा इंचांचा एक पडदा आणि त्याच्यावर इंचभराचा एक घुमट आहे, आणि वरच्या पट्टीतलं जवळजवळ सगळं तो समोर फेकतो. तो कितीही महाग घ्या, भोपळ्यासारखा चहूकडे बोलणार नाही. ही त्याची चूक नाही, घडणच तशी आहे. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बरं झालं. पण भौगोलिक म्हणजे काय ते खरं कळतं त्याच्या शेजारी बसल्यावर.

एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, म्हणजे प्रत्यक्ष ते प्रत्यक्षच, बाकी सगळं खोटं. थांबा. 'प्रत्यक्ष' म्हणून आपण जे ऐकतो त्यातलं किती प्रत्यक्ष असतं? सवाई गंधर्व महोत्सवाला जाता का? पंडित भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला, आज हजारो माणसं मांडवात बसतात. एवढ्या माणसांपर्यंत गळा पोचवायचा तर ध्वनिक्षेपक हवेच. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे स्वरमंचापासून ६८ मीटरवर बसलेल्याला समेची (तालाच्या पहिल्या मात्रेची) टाळी दिसल्यानंतर चांगली ०.२ सेकंदांनी सम ऐकू येते. मोठ्या मांडवात म्हणूनच मध्ये-मध्ये वेगळे स्पीकर उभे करून त्यांचा आवाज मोजून उशिरा सोडतात. मागच्या रांगेतला माणूस पडद्यावर गायक बघतो आणि स्पीकरवर गाणं ऐकतो. आवाजापुरतं बोलायचं तर तुमचा दिवाणखाना त्याच्यापेक्षा बरा. शिवाय तुमच्याकडे शेजारच्या खुर्चीवर बसून मांडीवर चुकीचा ताल धरणारे काका नसतात. तरी तो माणूस दरवर्षी जातो, आणि वेडा नसतो.

माझ्या कामाच्या दिवसांत एका गावच्या उत्सवात मी असा मारवा-बिरवा नव्हे, साधं भजन इतकं वाईट ऐकलंय की त्यापेक्षा मोबाइल परवडला. आयोजकांनी लग्नाच्या वरातीचे स्पीकर आणले होते. डग्ग्याच्या प्रत्येक घुमाऱ्याला माझ्या पोटात ढवळत होतं आणि पखवाज, टाळ, शब्द यांचा एकच काला झाला होता. तेही प्रत्यक्षच.

तेव्हा तुमचं दुखणं 'घरचं विरुद्ध प्रत्यक्ष' असं नाहीये. तुम्ही बहुधा कित्येक वर्षांत प्रथमच माइकशिवाय, हाताच्या अंतरावरचं गाणं ऐकलंत. ही चैन आता दुर्मीळ झालीय. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राच्या आवारातलं टाटा थिएटर १९८० मध्ये उघडलं, ते खास याच हेतूने बांधलंय. हजारभर जागा, ध्वनिरचना सिरिल हॅरिस यांची, आणि आपलं संगीत ध्वनिक्षेपकाविना शेवटच्या रांगेपर्यंत पोचावं ही कल्पना. तरी तिथेही माइक लागतोच बहुतेक वेळा, गायकांनाच आता त्याची सवय झालीय. त्याच आवारात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या मैफली होतात. पाश्चात्त्य संगीताची आवड असो-नसो, एकदा जाऊन या. साठ-सत्तर माणसं, एकही माइक नाही, आणि व्हायोलिनचा ताफा एकदम हळू होतो तेव्हा सभागृहातला खोकलासुद्धा थांबतो. कानाला माप मिळतं.

यंत्र आणि गळा यांतला फरक कळू नये यासाठी लोकांनी काय-काय केलंय! अमेरिकेत एडिसनच्या कंपनीने १९१५ ते १९२५ या काळात गावोगाव असे खेळ लावले. रंगमंचावर ग्रामोफोन आणि शेजारी खरी गायिका. ती तबकडीबरोबर गाते, मध्येच थांबते, पुन्हा गाते. दिवे मालवतात. दिवे लागतात तेव्हा गायिका गायब, आणि तबकडीच वाजतेय! लोक थक्क व्हायचे. ॲना केस नावाच्या गायिकेने असे खूप खेळ केले, आणि तिने पुढे सांगून टाकलं की ती आपला आवाज मुद्दाम तबकडीच्या बेताने लावायची. यंत्राला गळ्यापर्यंत चढता येईना म्हणून गळाच खाली उतरला होता. मला ही गोष्ट फार आवडते, कारण आज दर दुसऱ्या मैफलीत मी हेच पाहते. तरुण गायक माइकमध्ये कुजबुजतात, 'आ' लावून गळा खुला करतच नाहीत, कारण त्यांनी गाणं ऐकलंय ते मुख्यतः मुद्रणातलं. मिरजेची ती मुलगी आठ फुटांवर माइकशिवाय तासभर गायली, तिची मला म्हणूनच उत्सुकता आहे.

पण उलट बाजूची गोष्टही तेवढीच खरी. उत्तर कर्नाटकात गदगला एक पोरगा दुकानातल्या फोनोवर अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकतो. 'पिया बिन नाही आवत चैन', झिंझोटीतली ठुमरी. लाखेची तबकडी, तीन-साडेतीन मिनिटं, सुईची खरखर, आणि दुकान म्हटल्यावर आजूबाजूचा कालवा. असं गाता आलं पाहिजे एवढं डोक्यात घेऊन १९३३ मध्ये, अकराव्या वर्षी, तो गुरू शोधायला घरातून पळून जातो. तो भीमसेन. खाँसाहेबांचा गळा त्या यंत्राने किती आणला असेल? माझ्या धंद्याच्या मोजपट्टीने बघाल तर अगदी थोडा. डॅक नव्हता, सबवूफर नव्हता. जे आलं ते पुरलं. कुमार गंधर्व तर लहानपणी मोठमोठ्यांच्या तबकड्या ऐकून त्या हुबेहूब गाऊन दाखवायचे, तिथूनच त्यांचं नाव झालं. आणि गोव्याच्या केरीच्या केसरबाई केरकर! रेकॉर्डिंगचा त्यांना कंटाळा, हयातभर हात आखडता. त्यांच्या भैरवीची साडेतीन मिनिटं १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर अवकाशात गेली, आणि त्याच वर्षी बाई गेल्या. त्यांचे गुरू अल्लादिया खाँसाहेब १९४६ मध्ये गेले, त्यांची एकही तबकडी बाजारात आली नाही. जयपूर घराण्याच्या मूळ पुरुषाचं गाणं कसं होतं हे आपल्याला शिष्यांच्या गळ्यावरून ताडावं लागतं. कापड टाकून ठेवलेल्या तुमच्या संचाकडे बघून मला हेच आठवलं. अल्लादिया खाँची खरखरती तीन मिनिटं मिळत असती, तर मी माझा संच विकून ती घेतली असती.

आमच्या कोकणात पावसाळ्यात साठवणीतली आंबापोळी काढतात. तिला कुणी हापूस म्हणत नाही आणि हापूस नाही म्हणून फेकतही नाही. मे महिन्यात ज्याने झाडाखाली आंबा खाल्लाय, त्याला ऑगस्टात ती पोळी जास्त गोड लागते.

इथे तुमच्या आईकडे येते. चौऱ्याऐंशीव्या वर्षी कानाची वरची पट्टी बरीच गेलेली असते. जवारीची झिलई, टाळांची किणकिण त्यांना तुमच्या संचावरही ऐकू येणार नाही. डग्गा मोबाइलमधून येतच नाही, तेवढा पडदाच नाही त्याला. मग उरतं काय? शब्द, चाल, आणि गळ्याची ओळख. बाकीचं त्या स्वतः भरतात. तुम्हीच पत्रात ओझरतं लिहिलंय की लहानपणी त्या वडिलांचं बोट धरून दर एकादशीला विठ्ठलमंदिरात कीर्तनाला जायच्या. मोबाइल त्यांना नुसती आठवण करून देतो, गाणं चालू होतं ते आतलं. त्यांच्याकडे साठवण आहे. तुमच्याकडे, माफ करा, शंभर वेळा ऐकलेली एक फाइल होती. ती गायिका षड्जावर कधी येणार हे तुम्हाला घड्याळासारखं पाठ होतं. मिरजेच्या त्या मुलीने निषादावर किती थांबायचं हे तिने तिथे, तुमच्याकडे बघत ठरवलं. खोली गप्प झाली म्हणून ती अजून थांबली. कुणी 'वा' म्हणालं असतं तर कदाचित लवकर उतरली असती. थांबणं तुमच्या दोघांत मिळून झालं. मुद्रणातली मोठी गायिकाही अशीच कुणाच्या तरी तोंडाकडे बघत थांबली होती, चाळीस वर्षांपूर्वी. आता सांगलीचा अनुभव गाठीशी आहे तर तेच मुद्रण आणखी महिन्याभराने लावा. आज ते मेल्यासारखं वाटतंय कारण तुम्ही दोन्ही शेजारी ठेवून तुलना करताय. जरा शिळं होऊ दे. ती का थांबली असेल हे तुम्हाला ऐकू यायला लागेल. माझं स्वतःचं असं झालंय, एकदा नव्हे, अनेकदा. वर्षात तीन-चार बैठका समोर बसून ऐकल्या तर घरची मुद्रणं वर्षभर बोलतात, आणि वर्ष कोरडं गेलं तर तीही कोरडी होतात.

बरं, संच कमी पडत नाही असं मी म्हणतेय, पण खोली कमी पडतेय. तुम्ही पाठवलेला फोटो पाहिला. दोन्ही स्पीकर शोकेसमध्ये टीव्हीच्या दोन बाजूंना कोंबलेत, मागे लाकूड, पुढे सरकत्या काचा, वर चांदीचा गणपती आणि बँकेची स्मृतिचिन्हं. डग्गा वाजला की काचा थरथरत असणार. एक लाख पंच्याऐंशी हजारांना कपाटात डांबलंत की हो! बाहेर काढा. स्टँड नसेल तर सध्या दोन मजबूत स्टूल चालतील, फक्त स्पीकरचा वरचा छोटा घुमट बसल्यावर तुमच्या कानाच्या उंचीला यायला हवा. मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे. दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर, साधारण तेवढंच प्रत्येकापासून तुमच्या डोक्यापर्यंत. सोफा भिंतीला टेकलाय तोही फूटभर पुढे घ्या, भिंतीला चिकटून बसलं की खालचे स्वर फुगतात. फरशीवर सतरंजी टाका, जाड पडदे ओढा, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट असेल तर सोन्याहून पिवळं. मग खोलीच्या मध्यावर उभं राहून एक टाळी वाजवा. पाठोपाठ 'टर्रर्र' ऐकू आलं तर अजून कापड हवंय. दहा फुटी रुंदीच्या खोलीत ५६ हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या दुपटीला आवाज उगाच घुमतो, डग्ग्याचा मुक्काम त्याच शेजारात. स्पीकर वीतभर इकडे-तिकडे सरकवून बघा, कुठेतरी घुमारा सुटा होतो आणि बोल कळायला लागतात. सौ.ना विश्वासात घ्या. शोकेस रिकामं झालं की त्या खूश होतील असा माझा अंदाज आहे.

आणि आवाज किती ठेवायचा? यावर माझं मत ठाम आहे: ती बाई खरोखर तुमच्या सोफ्यासमोर बसून गायली असती तर जेवढा आला असता तेवढाच. जास्त नको, पण कमीही नको. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन ध्वनिसंशोधकांनी १९३३ मध्येच दाखवलं की आवाज हळू केला की कानाला खालचे स्वर वरच्यांपेक्षा खूप लवकर दिसेनासे होतात. रात्री दबकून लावलेल्या मुद्रणात डग्गा आणि तंबोऱ्याचा खर्ज गायब होतो तो असा. शेजाऱ्यांचं म्हणाल तर संध्याकाळी सातला ऐका, पूरिया धनाश्रीची वेळही तीच. पंखा बंद. मोबाइल आईच्या उशाशी. आणि एकदा दिवा मालवून बघा, स्पीकर दिसले नाहीत की निम्मं काम होतं.

आता त्या चाळीस हजारांचं बोलू, जे तुम्ही वायरीवर घालवणार नाही आहात. तुमच्या पत्रात ॲम्प्लिफायरचा मॉडेल नंबर दोनदा आहे (छापताना मी गाळला). डॅकची चिप कोणती ते आहे, स्पीकरचा पडदा कशाचा ते आहे. जिने तुम्हाला श्वास धरायला लावला त्या मुलीचं नाव चार पानांत कुठेही नाही. साडूंना आज फोन करा, नाव आणि नंबर घ्या. तिला ठाण्याला बोलवा. मानधन तिलाच विचारा, घासाघीस करू नका, आणि तबलजी व संवादिनीवाल्याचं पाकीट वेगळं ठेवा. 'घरचंच आहे, चहा-फराळ करू' हे वाक्य तोंडातून निघता कामा नये. ते ऐकून-ऐकून चांगली पोरं गाणं सोडून नोकरीला लागलीत. येण्या-जाण्याचं भाडं, मुक्कामाची सोय, तंबोरे सोबत आणणार असली तर गाडी. माणसं वीस-पंचवीसच, जास्त झाली की कुणीतरी माइकचं सुचवतं. सोफे बाहेर, सतरंज्या आत. तिची पट्टी विचारून ठेवा, म्हणजे संवादिनी त्या हिशेबाने मागवता येईल. ती आल्यावर अर्धा तास तंबोरे लावायला लागतील, तेव्हा लोकांना पोहे वाटत फिरू नका, तेही ऐकण्यासारखं असतं.

आईंची खुर्ची पुढे, डावीकडे, गाणाऱ्या मुलीच्या तोंडासमोर. एक अभंग मागून घ्या शेवटी, भैरवीच्या आधी.

आणि कुकर सहाच्या आत उतरवून ठेवा.